भाव कोण देतं, आणि कुणाला?

नववी-दहावीतल्या मुलांच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं, "ती मला भावच देत नाही." नाहीतर, "तो हल्ली फार भाव खातो." शब्द मूळचा बाजारातला, कांद्याचा भाव, सोन्याचा भाव. तो इकडे कुणी ठरवून आणला नसणार, पण बसलाय चपखल. माल आपला भाव आपण ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. चौदा वर्षांच्या पोराला स्वतःची किंमत किती वाटते याची बरीचशी गोष्ट या एका शब्दात आहे. बरीचशी, सगळी नाही. उरलेली मला जास्त महत्त्वाची वाटते.

माझी भाची नववीत आहे. हिवाळ्यात तिच्या शाळेची सहल जायची होती. त्याआधी आठवडाभर घरात रायगडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विषय एकच, बसमध्ये शेजारी कोण बसणार. या तिघी मैत्रिणी आणि बसमधलं बाक दोघींचं. म्हणजे एक उरणार. (आमच्या वेळच्या एसटीत एका बाजूला तिघांचं बाक असायचं, निम्मी भांडणं तिथेच मिटायची.) ताई वैतागून म्हणाली, "अगं, चार तास बसून जायचंय फक्त. शेजारच्या सीटशी लग्न लावायचंय का?" भाचीने जेवण अर्धं टाकलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

हे दार का लागतं, ते समजून घेऊ.

इंग्रजीतल्या सेल्फ-एस्टीमला मराठीत आत्मसन्मान म्हणतात. शब्द जरा भारदस्त आहे, ऐकल्यावर कुणीतरी राजीनामा देतंय असं वाटतं. 'स्वाभिमान' तर राजकारणानेच उचलून नेला. मानसशास्त्रातला अर्थ मात्र साधा आहे. माणूस म्हणून आपण ठीक आहोत का, याबद्दलचं आपलं स्वतःचं मत. आत्मविश्वास वेगळा, तो एखाद्या कामापुरता असतो. गणितात पैकीच्या पैकी पडणार याची खात्री असलेला मुलगा 'मी कुणालाच नकोय' असंही मनात धरून बसलेला असू शकतो. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या १० शाळांमधल्या ५,०२४ मोठ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ साली १० वाक्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. इतरांच्या बरोबरीने आपल्यालाही काही मोल आहे असं वाटतं का, कधी कधी आपण अगदीच बिनकामाचे आहोत असं वाटतं का, अशा धाटणीची वाक्यं. आजही जगभर हीच प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते.

आता हे मत बनतं कशावरून? अनेक वर्षं समज असा होता की आत्मसन्मान ही मनात साठवायची पुंजी आहे, जितकी जास्त तितकी चांगली. १९९५ साली मार्क लीअरी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर वेगळीच मांडणी केली. त्यांचं म्हणणं, आत्मसन्मान म्हणजे पुंजी नव्हे, काटा आहे. गाडीतला पेट्रोलचा काटा असतो, तसा. काटा म्हणजे पेट्रोल नाही, टाकीत किती आहे ते तो फक्त दाखवतो. आपल्या मनातला काटा दाखवतो की आत्ता या माणसांना आपण कितपत हवे आहोत. माणूस लाखो वर्षं टोळ्या करून राहिला आणि टोळीने बाहेर काढलेला फार दिवस जगत नसे. तेव्हा 'आपल्याला बाहेर काढण्याच्या बेतात तर नाहीत ना' याची खबर ठेवणारं एखादं यंत्र मनात असणं ही चैन नव्हती, गरज होती. काटा खाली आला की वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की माणूस नातं सांभाळायला धावतो. लीअरींनी या यंत्राला सोशिओमीटर असं नाव दिलं.

हा काटा किती नाजूक आहे, ते किपलिंग विल्यम्स या संशोधकाच्या एका अनुभवावरून कळतं. ते बागेत बसले असताना एक फ्रिस्बी त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती खेळणाऱ्या दोघांकडे परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे टाकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ चालला. मग त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं बंद केलं. अनोळखी माणसं, दोन-चार मिनिटांची ओळख, तरी विल्यम्स यांना लागलं. त्यातून पुढे सायबरबॉल नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ तयार झाला. पडद्यावर तिघं चेंडू फेकतात, आणि थोड्या वेळाने दोघं तुम्हाला चेंडू द्यायचं थांबवतात. एवढंच. एवढ्यावर लोकांचा मूड आणि आत्मसन्मान खाली येतो. समोरचे दोघं म्हणजे माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे असं आधी सांगून ठेवलं, तरीही येतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ ११ ते १५ वर्षांच्या मुलींना आणि मोठ्या बायकांना खेळायला दिला, तेव्हा वगळलं गेल्यावर मुलींचा मूड मोठ्यांपेक्षा जास्त घसरला.

आपल्याला हे प्रयोगशाळेने सांगायची गरज नव्हती म्हणा. आपल्याकडे 'कच्चं लिंबू' होतंच. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण राज्य त्याच्यावर येणार नाही, तो बाद झाला तरी मोजायचं नाही. पाच वर्षांचं पोर त्यावर खूश असतं. आठव्या वर्षी त्यालाच कळतं की आपण खेळात आहोत पण मोजणीत नाही, आणि ते रडून घर डोक्यावर घेतं. चौदाव्या वर्षी वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्या मेसेजला कुणी उत्तर देत नाही तेव्हा नेमकं तेच घडत असतं. फक्त आता रडून घर डोक्यावर घेता येत नाही. दार लावून घेता येतं.

आणि मग बाहेर येऊन म्हणायचं, "मला काही फरक पडत नाही." या वाक्याचीही परीक्षा झालेली आहे. लीअरी आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारची तरुण मंडळी निवडली, 'लोकांच्या मताने मला फरक पडतो' म्हणणारी आणि 'अजिबात पडत नाही' असं ठासून सांगणारी. मग दोघांनाही, समोरच्यांना तुम्ही आवडला किंवा नाही आवडलात, असं कळवलं. काटा दोघांचाही सारखाच हलला. 'फरक पडत नाही' म्हणणारे खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही, त्यांना स्वतःलाही पत्ता नसावा.

इथे आई-बापांचा एक जुना सल आहे. आम्ही इतकं प्रेम करतो, इतकं कौतुक करतो, त्याचं काहीच नाही, आणि त्या कुठल्या मुलीने नुसतं 'नाइस' म्हटलं तर चेहरा खुलतो! याचं उत्तर मला लंडनच्याच २०१७ मधल्या एका प्रयोगात सापडलं. त्यात ४० जणांनी आपापली माहिती भरून प्रोफाइल तयार केलं. तुमचं प्रोफाइल १८४ अनोळखी लोक पाहणार आहेत आणि अंगठा वर किंवा खाली असा शेरा देणार आहेत, असं त्यांना सांगितलं. शेरे खरं तर संगणक देत होता. काही गटांकडून बहुधा अंगठा वरच येणार आणि काहींकडून खालीच, हे हळूहळू भाग घेणाऱ्यांच्या लक्षात यायचं. दर दोन-तीन शेऱ्यांनंतर त्यांना विचारत, आत्ता स्वतःबद्दल कसं वाटतंय? निष्कर्ष असा निघाला की काटा नुसत्या पसंती-नापसंतीने हलत नाही. तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाने हलतो. जिथून नकारच येणार होता तिथून नकार आला तर फारसं काही होत नाही. जिथून पसंती ठरलेली होती तिथून नकार आला की काटा धाडकन खाली.

प्रयोगातली माणसं मोठी होती आणि त्यात आई-बाप नव्हते, तेव्हा पुढचं माझं स्वतःचं म्हणणं समजा. आईचं कौतुक अपेक्षितच असतं. "तू तर म्हणणारच," हे प्रत्येक मुलाचं ठरलेलं उत्तर आहे. त्यामुळे रोजच्या कौतुकाने काटा हलताना दिसत नाही. पण त्याच आईने पाहुण्यांसमोर "हिचं काही खरं नाही" म्हटलं तर? ठरलेल्या जागेवरून आलेला नकार तो हाच. घरच्या प्रेमाची किंमत मुलांना नसते हा समज मला त्यामुळे पटत नाही. ते टाकीच्या तळाशी असतं, वर दिसत नाही इतकंच.

आता खरा गुंता. मुलं आवडती असतात म्हणून त्यांना स्वतःबद्दल बरं वाटतं, की स्वतःबद्दल बरं वाटतं म्हणून ती मोकळी वागतात आणि आवडती होतात? एकदाच मोजून हे कळत नाही, त्याच मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. अशा ५२ अभ्यासांचा, मिळून ४७ हजारांहून जास्त माणसांचा, मिशेल हॅरिस आणि उलरिख ओर्थ यांनी एकत्र हिशेब मांडला. उत्तर आलं, दोन्ही. चांगल्या नात्यांनी आत्मसन्मान थोडा वाढतो, त्याने नाती थोडी सुधारतात. 'थोडा' हा शब्द नजरेआड करू नका. एकेका वेळचा परिणाम लहान आहे, दोन्ही दिशांनी जवळपास सारखाच आहे, आणि व्याजासारखा साठत जातो. उलट्या दिशेनेही साठतो, हे ओघानेच आलं.

पण किशोरवयाचं बारीक चित्र पाहायचं तर मला अथेन्सच्या शाळांमधला अभ्यास जास्त आवडतो. त्या वर्गांमध्ये ग्रीक मुलं होती आणि बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुलंही. १३ वर्षांच्या १,०५७ मुलांकडे संशोधक तीन वर्षं, दर वर्षी एकदा गेले. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. वर्गातल्या मुलांना हा मुलगा खरोखर किती आवडतो, आणि त्याला स्वतःला काय वाटतं, आपण किती आवडतो. निघालं ते असं. 'आपल्या' गटातल्या मुलांमधली पसंती पुढच्या आत्मसन्मानाशी जोडलेली होती, दुसऱ्या गटातली नव्हती. आणि ही पसंती थेट पोचत नव्हती, 'मी आवडतो असं मला वाटतं' या गाळणीतून जात होती. उलट दिशेला आणखी गंमत. आत्मसन्मान चांगला असलेल्या मुलांना पुढे 'आपण आवडते आहोत' असं जास्त वाटू लागलं, पण वर्गाच्या खऱ्या मतात त्याने फरक पडला नाही.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचण्यासारखं आहे. वर्ग काय म्हणतो आणि मुलाला काय ऐकू येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काटा जोडलेला आहे तो ऐकू येण्याला. मुंबई-पुण्यातल्या वर्गात 'आपले' कोण? एकाच सोसायटीतले, एकाच क्लासच्या बॅचमधले, घरी एकच भाषा बोलणारे, आणि आपण मोठ्याने म्हणत नाही पण जातही. चाळीस जणांच्या वर्गात एखाद्या मुलाची काट्याला लागणारी माणसं पाचच असू शकतात. ती पाच कोण, हे शिक्षकांना ठाऊक असेल तर पुष्कळ कळतं.

ऐकू येणं आणि खरं असणं यांतलं अंतर तर मोठ्यांनाही चुकत नाही. २०१८ साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांना जोडीजोडीने गप्पा मारायला बसवलं. नंतर प्रत्येकाला विचारलं, समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि त्याला तुम्ही किती आवडला असाल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वास्तवापेक्षा सातत्याने कमी येत गेलं. माणूस घरी जाताना 'मी फार बडबडलो, तो किस्सा उगाच सांगितला' असं चघळत असतो आणि समोरचा 'काय छान माणूस भेटला' म्हणत असतो. सरासरी माणसाचा काटाच मुळात जरा खाली दाखवतो. किशोरवयात भर पडते ती डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली सांगितलेल्या काल्पनिक प्रेक्षकांची. नाकावर मुरुम आला की अख्खी शाळा तोच बघतेय असं वाटतं. शाळेतलं प्रत्येक पोर आपापला मुरुम सांभाळत असल्याने बघायला कुणी मोकळंच नसतं. उलटी उदाहरणंही आहेत बरं. दांडगाई करणारी आणि वर्गाला नकोशी झालेली काही मुलं 'आपण सगळ्यांचे लाडके' अशा समजात असतात. तिथे काटा वरच्या टोकाला अडकलेला.

आणखी एक गल्लत सोडवली पाहिजे. आवडणं आणि भाव असणं एक नाही. वर्गात प्रत्येकाला गुपचूप विचारा, तुला सर्वांत जास्त कोण आवडतं? मग विचारा, वर्गात कुणाचा भाव आहे? दोन याद्यांत काही नावं सारखी येतील, सगळी नाही. दुसऱ्या यादीत हमखास एखादं असं नाव असतं की ज्याला सगळे घाबरतात, ज्याच्या वाढदिवसाला सगळे जातात, आणि ज्याला मनातलं कुणी सांगत नाही. किशोरवयात ही दोन पारडी आणखी लांब जातात, आणि मुलं धावतात ती बहुतेक वेळा दुसऱ्या यादीसाठी.

या धावण्याचा पुढे काय हिशेब लागतो? व्हर्जिनिया विद्यापीठात १६९ मुलांचा पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत माग काढला गेला. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्यांची एखादी घट्ट, मनातलं बोलता येणारी मैत्री होती, त्यांचं पंचविशीत स्वतःबद्दलचं मत सुधारलेलं होतं, चारचौघांतली धास्ती आणि उदासी कमी होती. ज्यांच्याशी मैत्री करायला पुष्कळ जण उत्सुक होते, त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही, उलट लोकांत वावरण्याची धास्ती वाढलेली निघाली. मॉन्ट्रियलमधला एक छोटा अभ्यासही इथे जोडून ठेवतो. पाचवी-सहावीच्या मुलांनी चार दिवस रोज काय घडलं ते लिहून ठेवलं, आणि लाळेतून कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. वाईट प्रसंग घडला तेव्हा जिवलग मित्र जवळ असेल तर कॉर्टिसोल चढत नव्हतं आणि स्वतःबद्दलचं मत पडत नव्हतं. मित्राने काही करायलाही हवं असं नाही, जवळ असणं पुरे होत होतं.

फोनवरच्या लाइकांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. लाइक म्हणजे काट्याला मिळालेला आकडा. पूर्वी अंदाजाने चालायचं, आता ४३ की ४४ ते दिसतं, आणि शेजारणीचे १२० पण दिसतात. मला त्यात लाइकपेक्षा जास्त घातक वाटतात ते दोन निळे टिक. नापसंतीचा शेरा तिथे कुणी देत नाही. फक्त चेंडू परत येत नाही.

मग मोठ्यांनी करायचं काय? पहिला मोह काटा हाताने वर ढकलण्याचा. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी समिती नेमली होती, ७ लाख ३५ हजार डॉलर देऊन. मुलांचा आत्मसन्मान वाढवा, गुन्हे, व्यसनं, नापास होणं सगळं कमी होईल, अशी आशा. २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी जमलेलं सगळं संशोधन चाळलं, तेव्हा आत्मसन्मान वाढवल्याने मार्क वाढतात याला आधार सापडला नाही. काट्याला बोटाने रेटून टाकी भरत नाही, हे लीअरींच्या मांडणीतून आधीच निघत होतं. घरगुती रेटारेटीचंही तसंच. एडी ब्रुमेलमन या डच संशोधकाच्या प्रयोगात काही मुलांना "तू सुंदर चित्र काढलंस" असं कळवलं आणि काहींना "तू अविश्वसनीय सुंदर चित्र काढलंस". तो एक जादा शब्द ऐकल्यावर, स्वतःबद्दल आधीच कमी वाटणारी मुलं पुढच्या फेरीत अवघड चित्राकडे गेलीच नाहीत, सोपं निवडून मोकळी झाली. इतक्या उंच ठेवलेल्या नावाला कोण धक्का लावून घेईल? आणि अशी कौतुकं मोठी माणसं नेमकी अशाच मुलांवर जास्त उधळतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

त्यापेक्षा पोराला त्या एका मित्राकडे अभ्यासाच्या वेळीही जाऊ द्या. त्याला घरी जेवायला थांबवा. "सगळ्यांशी मिसळायला शीक" हे वाक्य आठवड्यातून दोनदाच म्हणा. आणि पोर म्हणालं, "मी कुणालाच आवडत नाही," तर "असं काही नसतं" म्हणून उडवून न लावता विचारा, कुणालाच म्हणजे नेमकं कुणाला? बहुतेक वेळा उत्तरात एक किंवा दोन नावं येतात. कधी कधी खरोखरच अख्खा वर्ग एकजूट करून त्रास देत असतो. तेव्हा काटा बिघडलेला नसतो, बरोबर दाखवत असतो, आणि दुरुस्ती वर्गातच करावी लागते. त्यासाठी शाळेत जावं लागतं, पोर नको म्हणालं तरी.

भाचीची सहल झाली. रात्री अकराला ती गळ्यातून आवाज न निघता घरी आली. मी रविवारी गेलो तेव्हा हळूच विचारलं, "मग, शेजारी कोण बसलं शेवटी?"

"मामा," ती म्हणाली, "माणगावपासून सगळे मधल्या जागेत नाचत होते. बसलं कोण होतं?"